ताईंच्या पत्रातली चूक

"हे कोनं लिवलं जी?"

देवकाबाईंनी कमरेच्या ओच्यातून घडी केलेला कागद काढला, माझ्या टेबलावर पसरला आणि तळहातानं दाबून सरळ केला. कागद आमचाच होता. आमदार हेमलताताई रहांगडाले दर अधिवेशनानंतर मतदारसंघातल्या गावोगावी चार पानांचं पत्र पाठवायच्या. विधानसभेत कशावर चर्चा झाली, ताई काय बोलल्या, कोणत्या गावचं काम मार्गी लागलं, कुठल्या शाळेची मुलगी कबड्डीत राज्यापर्यंत गेली, असं सगळं त्यात असायचं. पत्र ताईंच्या नावानं आणि त्यांच्या सहीनं निघे. लिहायचो मी.

"मी लिहितो," मी म्हणालो. "काय झालं?"

"मले वाचता येत नाई. नातीनं वाचून दावलं. हे पळसबोडीचं तुमी एकदा वाचा बरं."

तिसऱ्या पानावर खाली बातमी होती. मी वाचली. "पळसबोडीचा तलाव खोल झाला, तुडुंब भरला आणि मासेमार कुटुंबांच्या घरी यंदा दिवाळी आधीच आली आहे." वाक्य माझ्या आवडीचं होतं. सतरा वर्षं तालुक्याच्या एका साप्ताहिकात मुद्रितं तपासण्यात घालवल्यावर, साप्ताहिक बंद पडलं तेव्हा ताईंनी मला हे काम दिलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या वेलांट्या सुधारल्या, आता चाळिशी उलटल्यावर स्वतःची वाक्यं छापून येत होती. मला त्याचं फार अप्रूप होतं.

देवकाबाईंनी ऐकून घेतलं. साठीच्या पुढच्या, काटक, ढिवर समाजातल्या. गावातल्या बायकांच्या मासेमारी गटाच्या त्या प्रमुख होत्या, हे मला नंतर कळलं.

"पानी हाय," त्या म्हणाल्या. "पन त्या पान्यात काहीच नाई. एक मासोरी नाई. बायका चार महिन्यांपासून रोजीनं दुसऱ्याच्या बांधीत कामाले जाते. आन् तुमी लिवता का दिवाळी आली. कोनाच्या घरी आली जी? मले पत्ता सांगा, मी जाऊन येतो."

आतल्या खोलीत ताई फोनवर बोलत होत्या. त्यांनी फोन ठेवला आणि बाहेर आल्या. खुर्ची ओढून देवकाबाईंच्या समोर बसल्या. सगळं पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळल्या.

"लांजेवारजी, लिहिण्याआधी तुम्ही पळसबोडीला जाऊन आला होता ना?"

"हो," मी म्हणालो. "पाहून आलो ना, ताई."

मी गेलो नव्हतो. पाटबंधारेच्या कचेरीतून काम पूर्ण झाल्याचा कागद आला होता, त्यावरून टेबलाशी बसून वाक्य रचलं होतं. पण त्या क्षणी, त्या बाईसमोर, नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही.

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता निघू. देवकाबाई, गाडीत बसा."

ताई राजकारणात येण्याआधी एकवीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. त्यामुळे "आत्ता" म्हणजे आत्ताच, ही त्यांची जुनी सवय. पाच मिनिटांत आम्ही रस्त्याला लागलो. पुढे ताई आणि ड्रायव्हर, मागे देवकाबाई आणि मी. मोहाच्या झाडांपाशी रस्ता फुटत होता. ताईंनी मान न वळवता विचारलं, "कुठून जायचं, लांजेवारजी?"

"उजवीकडून," मी म्हणालो.

"डावीकडून," देवकाबाई म्हणाल्या.

गाडी डावीकडे वळली.

आमच्याकडे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव आहेत, 'माजी मालगुजारी'वरून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. पळसबोडीचा त्यातलाच. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढून पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. काठोकाठ पाणी. निळं, स्वच्छ, नोव्हेंबरच्या उन्हात चमकणारं. मी म्हणालोसुद्धा, "पाणी तर भरपूर आहे, ताई."

"सुंदर दिसते ना?" देवकाबाई म्हणाल्या. "सिमिटच्या टाक्यावानी."

त्या पाण्यात उतरल्या आणि ताईंना हात दिला. ताईंनी साडी खोचली, चपला काढल्या आणि गुडघाभर पाण्यात गेल्या.

"आता पायानं चाचपून पाहा, ताई. काय लागते?"

"मुरूम. कडक आहे."

"पयले इथं पाय ठेवला का रुते. देवधानाच्या मुळ्या लागत बोटाले. मंग कमळ, मंग आणिक आत चिल्याचं गवत. हे तुमच्या लोकाइले कचरा वाटते. पन मासोरी त्यातच अंडे घालते, त्यातच लपते, तेच खाते. मशीन आली, तिनं तीन हात मातीसंग सारा पसारा उचलून नेला. आता बाहेरून मासोरीचे पोर आणून सोडले तरी ते खाईन काय? मुरूम?"

काठावर गावातल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. एकीनं जाळं फेकलं. ओढलं. पुन्हा फेकलं. तिसऱ्या वेळी बोटाएवढे दोन मासे आले, ते तिनं परत पाण्यात सोडले. ताई पाण्यातच उभ्या होत्या.

"मशीन आली तेव्हा तुम्ही अडवलं नाही?"

"अडवलं ना. समोर बसलो आमी. तर तो माणूस म्हणे, हे ताईनं मागतलेलं काम हाय, ताईच्या कामात आडव्या येता काय? मंग उठलो."

ताईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. एखाद्या पेशंटच्या नातेवाइकांनी काही सांगावं आणि परिचारिकेला कळावं की आपल्या हातून औषध चुकलंय, तसा तो झाला होता. कारण गोष्ट खरी होती. दोन वर्षांपूर्वी विधानसभेत उभं राहून, माझ्या तालुक्यातले जुने तलाव खोल करा, ही मागणी ताईंनीच केली होती. त्या भाषणाला बाकं वाजली होती. पत्रात मी ते पहिल्या पानावर घेतलं होतं.

"मला सांगायला यायचं होतं, बाई."

"आलतो. दोनदा. तुमी मुंबईले होत्या. कचेरीत म्हणे, लेखी द्या."

ते सांगणारा मी नव्हतो. पण मी असतो तरी तेच सांगितलं असतं.

पुढचे बारा दिवस ताईंनी दुसरं काही केलं नाही. तालुक्यातल्या चौदा तलावांची नावं खोलीकरणाच्या यादीत होती. तीन झाले होते, अकरा बाकी होते. चौदाही ठिकाणी त्या गेल्या. मासे पकडणाऱ्यांना विचारलं, शेतकऱ्यांनाही विचारलं, कारण धानाला पाणी हवंच होतं आणि त्यासाठी खोली हवी होती. दोन गावांत त्यांच्यावर लोक चिडले, आमचं काम थांबवू नका म्हणाले. ताईंनी त्यांचंही वहीत लिहून घेतलं. शेवटी त्यांचं मत ठरलं. गाळ काढायचा, पण एका अंगाचा. उरलेल्या अंगातल्या वनस्पतीला हात लावायचा नाही, आणि कुठून काढायचा ते त्या गावच्या ढिवरांना विचारल्याशिवाय मशीन उतरवायची नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी त्यांनी लक्षवेधी सूचना दिली, म्हणजे सभागृहाचं आणि मंत्र्यांचं लक्ष एका तातडीच्या विषयाकडे वेधायची सूचना. ती यादीत आल्याबरोबर जिल्ह्यातून पक्षाच्या पुढाऱ्यांचा फोन आला. ताईंनी फोन कानापासून थोडा लांब धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"ताई, सरकार आपलं आहे."

"तलावही आपलेच आहेत, भाऊसाहेब."

"पुढच्या वर्षी मंत्रिमंडळात बदल होणार आहे. तुमचं नाव वर आहे. कशाला हात पोळून घेता?"

"मी तुम्हाला अधिवेशन झाल्यावर फोन करते," ताई म्हणाल्या.

लक्षवेधी दुपारी दोनच्या सुमारास आली. मी प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. ताईंनी चार मिनिटांत विषय मांडला. पळसबोडीच्या बायकांचं बोलणं त्यांनी त्यांच्याच शब्दांत सांगितलं. मागणी सांगितली. मग मंत्री उत्तर द्यायला उठले. त्यांच्या हातात फाइल नव्हती. चार पानांचा घडी घातलेला कागद होता. मी तो वरूनसुद्धा ओळखला.

"अध्यक्ष महाराज," मंत्री म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो. पण माझ्याकडे त्यांचंच एक पत्र आहे. त्यांच्या सहीचं. आपल्या परवानगीनं एक ओळ वाचतो." आणि त्यांनी माझं वाक्य वाचलं. चांगलं वाचलं. "दिवाळी आधीच आली आहे" इथं थांबले. दोन्ही बाजूंची बाकं हसली. "अध्यक्ष महाराज, ऑक्टोबरात त्यांनी जे लिहिलं ते खरं मानायचं, की डिसेंबरात बोलल्या ते?"

हसू वाढलं. आता ताई काय म्हणतील ते मला माहीत होतं. "माझ्या कार्यालयातल्या एका माणसानं मला चुकीची माहिती दिली." यात खोटं काहीच नव्हतं. मी तर तोंडावर खोटं बोललो होतो. मनात मी म्हणत होतो, म्हणा, ताई, म्हणून टाका, आणि त्याच वेळी माझे हात गॅलरीच्या कठड्याला घट्ट धरून होते.

ताई उठल्या. हसू ओसरेपर्यंत थांबल्या.

"अध्यक्ष महाराज, डिसेंबरात बोलले ते." पुन्हा थोडा हशा. "ऑक्टोबरातलं ते पत्र माझं आहे. सही माझी आहे. ती ओळ खोटी आहे. मी न पाहता लिहिली. आणि मंत्रिमहोदयांना आणखी एक कागद मी देते, त्यांना शोधायला लागू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वीच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात या कामाची मागणी मीच याच जागेवरून केली होती. तीही न विचारता केली होती. म्हणजे माझ्या दोन चुका झाल्या. त्यांचं काय करायचं ते माझे मतदार ठरवतील. पण माझी चूक इथे कितीही वेळा वाचून दाखवली तरी पळसबोडीच्या तलावात मासे येणार नाहीत. अकरा तलाव अजून शाबूत आहेत. तेवढं सांगा, त्यांचं काय करता?"

सभागृहात कुणी हसलं नाही. विरोधी बाकांवरचे एक म्हातारे सदस्य, चंद्रपूरकडचे, उठून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, माझ्याही मतदारसंघात हेच झालंय. मला बोलायचं धाडस झालं नव्हतं." मग आणखी एक जण उठला. मंत्र्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि माहिती घेऊन अधिवेशन संपण्यापूर्वी निवेदन करतो, असं सांगितलं.

बाहेर आवारात उन्हात ताई चहा पीत उभ्या होत्या. मी जवळ गेलो. बोलायला शब्द जुळवत होतो, तर त्याच म्हणाल्या, "तुम्हीही घ्या चहा."

"ताई, मी पळसबोडीला गेलो नव्हतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही उजवीकडे म्हणालात तेव्हापासून."

माझ्या हातात कप आला होता, तो मी तसाच धरून राहिलो. "मग माझं नाव का नाही घेतलं? मी काम सोडतो. सगळ्यांदेखत तुमची मान खाली गेली ती माझ्यामुळे."

ताईंनी रिकामा कप बाकावर ठेवला. "आरोग्य केंद्रात असताना एकदा एका नव्या मुलीनं बाळंतिणीचा रक्तदाब न मोजताच तक्त्यावर लिहिला होता. नेहमीचाच आकडा. मी न पाहता खाली सही केली. बाई वाचली, नशिबानं. डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी त्या मुलीकडे बोट दाखवलं. तिला काढून टाकलं. लांजेवारजी, तिनं मोजलं नाही हे खरं, पण सही करताना मी तरी कुठे त्या बाईच्या खाटेपाशी गेले होते? त्या मुलीचं पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही. पुन्हा तसं करायचं नाही, एवढं मी तेव्हा ठरवलं होतं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "काम सोडायचं नाही. पुढचं पत्र लवकर काढायचंय. चूक पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. उद्या सकाळी मजकूर दाखवा."

मी आमदार निवासाच्या खोलीत बसून मजकूर लिहिला. "मागील अंकात अनवधानाने प्रसिद्ध झालेल्या वृत्तात काही त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे." ताईंनी वाचलं आणि पेन्सिल घेतली.

"अनवधानानं म्हणजे काय?"

"म्हणजे... लक्ष नसताना."

"आपलं लक्ष नव्हतं का? आपण गेलोच नव्हतो. तसं लिहा. आणि हे निदर्शनास कुणाच्या आलं? देवकाबाई नान्हेंनी येऊन सांगितलं. त्यांचं नाव घाला."

चौथ्या वेळी मजकूर पसंत पडला. "मागच्या पत्रात पळसबोडीच्या तलावाबद्दल आम्ही जे लिहिलं ते खोटं होतं. तिथे न जाता लिहिलं होतं. तलावात पाणी आहे, मासे नाहीत. हे देवकाबाई नान्हे यांनी येऊन सांगितलं. तलाव खोल करण्याची मागणी माझीच होती, ती मासेमारांना न विचारता केली होती. दोन्हींबद्दल मी त्यांची माफी मागते." खाली सही. इतकं साधं वाक्य लिहायला मला तोपर्यंत कधी इतका वेळ लागला नव्हता.

मंत्र्यांचं निवेदन झालं. काम थांबवण्याचा आदेश नाताळनंतर आला, तोवर आणखी तीन तलावांत मशीन उतरून गेली होती. आठ वाचले. ताईंना ते तीन पुढेही सलत राहिले.

पत्र गावोगावी पोचल्यावर मात्र एक नवलच घडलं. इतकी वर्षं आम्ही पत्र पाठवत होतो आणि उत्तर म्हणून वर्षाला चार-दोन लग्नपत्रिका यायच्या. आता टपाल येऊ लागलं. "आपल्या पत्रात आमच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत, अंगणवाडी सुरू झाली असं लिहिलं आहे. इमारत आहे, कुलूप आहे, बाई नाही." "पुलाचं काम पूर्ण झालं म्हणता, पण पूल दोन्हीकडून रस्त्याला लागलेलाच नाही." एका मास्तरांनी तर मागच्या पाच अंकांतल्या चुका अंकवार लावून पाठवल्या होत्या. मी शरमेनं अर्धमेला झालो. ताई एकेक पत्र उघडून वाचत होत्या आणि माहेरहून निरोप आल्यासारख्या खूश होत होत्या.

"लांजेवारजी, लोक वाचतात हो आपलं पत्र!"

त्यानंतरची दोन वर्षं मी टेबलाशी बसून एकही बातमी लिहिली नाही. बसनं, सायकलनं, पायी, जाऊन पाहायचं आणि मग लिहायचं. पत्राची पानं चारांची तीन झाली. पळसबोडीची बातमी प्रत्येक अंकात असे. देवकाबाई आणि त्यांच्या बायका शेजारच्या तलावांतून देवधानाचं बी आणि चिल्याचे कंद आणून लावत होत्या. गुरं आत येऊ नयेत म्हणून त्यांनी काट्याचं कुंपण घातलं. पहिल्या वर्षी पुरात सगळं वाहून गेलं. तसंच लिहिलं. दुसऱ्या वर्षी थोडं धरलं. मासे अजून नाहीत, हेही लिहिलं.

मंत्रिमंडळात बदल झाला, त्यात ताईंचं नाव आलं नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. तलावांमुळे की आणखी कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. ताईंनी कधी कुणाला विचारलं नाही. कार्यालय रिकामं केलं, पत्र बंद झालं. मी एका शाळेच्या ग्रंथालयात लागलो. ताई घरी दाईपणाचं काम करणाऱ्या बायकांना शिकवायला लागल्या.

बायकांनी बी लावल्यापासून चौथ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या बुधवारी, मी ताईंकडे सहज गेलो होतो, तर ओसरीवर देवकाबाई. समोर टोपली, टोपलीत ओलं गोणपाट. त्यांनी गोणपाट बाजूला केलं. हाताएवढे मरळ, खाली बोटरी मासे. काही अजून तोंड उघडत होते.

"आपल्या तलावातले," त्या म्हणाल्या. "सकाळचे. एका जाळ्यात. हे पत्रात टाका, ताई."

"पत्र आता निघत नाही, बाई. मी आमदार नाही ना."

"मंग लोकाइले कसं मालूम होईन? खोटं होतं तवा साऱ्या तालुक्याले वाचाले भेटलं. आन् आता खरं झालं तर कोनाले सांगाचंच नाई काय?"

ताई आत गेल्या, पायात चपला घालून आल्या. आधी आम्ही पळसबोडीला गेलो. ताईंनी तलाव पाहिला, पाण्यात उतरून पायानं तळ चाचपला. तिथून देवकाबाईंबरोबर सरळ तालुक्याच्या बुधवारच्या बाजारात. मासळीच्या रांगेत देवकाबाईंनी गोणपाट पसरलं, टोपली ठेवली, आणि त्यांच्या शेजारी, जमिनीवर, मांडी घालून ताई बसल्या.

येणारा प्रत्येक माणूस थबकायचा. दहा वर्षं ज्यांना त्यांनी व्यासपीठावर पाहिलं होतं त्या ताई मासे विकणाऱ्या बायकांच्या रांगेत. ताई प्रत्येकाला हातानं बोलावून सांगत होत्या, "पळसबोडीचे आहेत. तलावात मासे आले. मी आत्ता पाहून आले." विरोधी पक्षाचा एक जुना कार्यकर्ता पिशवी घेऊन चालला होता, तो पुढे जाऊन परत आला. त्याच्या डोळ्यांत थोडी कीव होती, थोडी गंमत.

"काय ताई, आता मासे विकायला बसल्या?"

"नाही हो," ताई म्हणाल्या, "मासे देवकाबाईंचे आहेत. मी बातमी द्यायला बसलेय."